नववीची काठमांडू सहल आणि एक बिनखिळ्याची खिडकी

‘शाळेनं मला काय दिलं’ या विषयावर लिहा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. त्यावर डॉक्टर, इंजिनिअर झालेले माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच. मी जळगावात फर्निचरचा कारखाना चालवणारा सुतार आहे, तेव्हा मी आपला १९९४ सालच्या नेपाळ सहलीवर लिहितो. माझ्या धंद्याचं मूळ त्या सहलीतच आहे.

तोवर शाळेची सहल म्हणजे पद्मालय, पाटणादेवी, फार झालं तर अजिंठा-वेरूळ. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत काठमांडू ठरलं आणि गावात ‘पोरं फॉरेनला चालली’ अशी हवा झाली. पैसे हप्त्यानं भरायची सोय होती म्हणून आमच्यासारख्यांचं जमलं. वडिलांनी बैलगाडीच्या चाकांच्या एका जोडीचं काम घेऊन शेवटचा हप्ता भरला. पासपोर्ट मात्र कुणाचाच निघाला नाही, कारण १९५० च्या करारापासून भारतीयांना नेपाळात जायला तो लागतच नाही. यावर वर्गातली हुशार मंडळी जरा हिरमुसली. शिक्का नाही तर फॉरेन कसलं?

भुसावळहून गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सोनौली. सीमा म्हणजे एक कमान आणि तिच्याखालून जाणाऱ्या सायकलरिक्षा. पलीकडे पाऊल टाकल्याबरोबर गणिताच्या सरांनी सगळ्यांना घड्याळं पंधरा मिनिटं पुढं करायला लावली. ज्यांच्याकडे घड्याळ होतं ते उगाचच दर पाच मिनिटांनी मनगट बघत होते. शंभर रुपयांचे तिथं एकशेसाठ होतात हे कळल्यावर तर सगळेच सावकार झाले. आमच्यासोबत स्वयंपाकाला गावचेच आचारी होते, शेव, ठेचा आणि डाळ-तांदळाची पोती घेऊन. सहलभर त्यांनी नेपाळबद्दल एकच मत दिलं, तेही पशुपतिनाथाच्या घाटावर: “हाऊ परदेश शे का? आठे बी महादेवच शे!”

मुगलिंगपासून पुढचा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाकाठानं जातो. तापीचं रुंद, शांत पात्र बघितलेल्या आम्हाला ती दगडांवर आपटत जाणारी हिरवट नदी बघून भीतीच वाटली. अर्धी बस उलट्या करत होती, त्याचं वर्णन नको.

काठमांडूत आम्ही जे जे ‘पॉइंट’ बघितले त्यांची यादी मला आज धड देता येणार नाही. स्वयंभूनाथाच्या ३६५ पायऱ्या आणि वरची माकडं आठवतात. जिवंत देवी मानलेली मुलगी राहते त्या कुमारी घराच्या चौकात उभं राहून सगळे वर बघत होतो आणि क्षणभर खिडकीत काजळ घातलेली एक लहान मुलगी आली नि गेली, तेही आठवतं. हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याच्या भिंतीवर राजा प्रताप मल्लानं सतराव्या शतकात पंधरा लिप्यांमध्ये कोरून घेतलेला लेख आहे. भाषेच्या बाईंनी आम्हाला त्यात देवनागरी शोधायला लावलं. शोधता शोधता मागचा गट पुढं निघून गेला आणि भूगोलाचे सर शिट्टी वाजवत परत आले. सहलीचं सगळं वेळापत्रक त्या शिट्टीवर चाले. उतरा, बघा, फोटो, चढा. आजच्या टूरवाल्यांना नावं ठेवायचं कारण नाही, आमचीही सहल तशीच होती.

फरक पडला तो चित्रकलेच्या सरांमुळे. ते शिट्टीला दाद देत नसत.

पशुपतिनाथाच्या दारावर फलक आहे: आत फक्त हिंदूंना प्रवेश. माझा बाकावरचा सोबती मुसलमान होता. सहलीला निघताना याचा कुणी विचारच केला नव्हता. चामड्याचे पट्टे काढून आम्ही रांगेत उभे राहिलो आणि तो बाजूला सरकला, कुणी काही बोलायच्या आत. सरांनी स्वतःचा पट्टा परत कमरेला लावला. “मला नदीपलीकडून चित्र काढायचंय. पाणी धरायला कुणीतरी पाहिजे, चल,” म्हणाले आणि त्याला घेऊन बागमतीचा पूल ओलांडून गेले. आम्ही आत गेलो, चार मुखांचं लिंग बघितलं, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढं. बाहेर येऊन पूल ओलांडला तर पलीकडच्या पायऱ्यांवर दोघं मांडी घालून बसले होते. त्याच्या कागदावर देवळाची दोन मजली सोनेरी छपरं, खाली घाट, घाटावरचा धूर, सगळं होतं. देऊळ आत जाऊन आलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्यानंच नीट बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भक्तपूर. तिथं जायला विजेच्या तारेवर चालणारी बस होती. चीननं १९७५ साली बांधून दिलेली ही ट्रॉलीबस काठमांडूहून निघून सूर्यविनायकला जायची, आवाज जवळजवळ नाहीच. भक्तपुरात न्यातपोल नावाचं पाच छपरांचं देऊळ आहे, १७०२ सालचं. त्याच्या पायऱ्यांवर खाली दोन पैलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, अशी रांग आहे. खालच्यापेक्षा वरचा दहापट ताकदवान, असा तिथला हिशोब. पोरांनी लगेच एकेका सरांची जागा त्या पायऱ्यांवर ठरवून टाकली. सर्वांत वर कोण होतं ते लिहीत नाही, त्या काळचे विद्यार्थी ओळखतील.

पुढच्या चौकात दत्ताचं देऊळ निघालं. दत्त म्हणजे गाणगापूर, नरसोबाची वाडी, एवढंच डोक्यात. त्यात या देवळासमोरही तेच दोन पैलवान उभे. बाईंनी हात जोडले आणि मग बराच वेळ कुणी हललंच नाही. बाजूच्या बोळात पुजारी मठाच्या भिंतीला ती प्रसिद्ध मोराची खिडकी आहे, पिसारा फुलवलेला मोर एका लाकडी गवाक्षात. फोटो झाले, शिट्टी झाली. सर मात्र समोरच्या एका दुकानवजा कारखान्यात शिरले आणि मला हाक मारली. “अरे सुताराच्या, इकडे ये.”

आत एक म्हातारा कारागीर फळीवर बसून जाळीची खिडकी जुळवत होता. बोटाएवढ्या रुंदीच्या तिरप्या पट्ट्या, प्रत्येकीला ठरावीक अंतरावर खाचा. एक खालून, एक वरून, खाचेत खाच. मी खिळे शोधत होतो. त्यानं माझी नजर ओळखली, हिंदीत म्हणाला, “कील नहीं, सरेस भी नहीं.” मग कडेची एक पट्टी अंगठ्यानं हळूच सरकवली आणि सगळी जाळी त्याच्या मांडीवर सैल झाली. ती पट्टी परत बसवली, जाळी ताठ. माझ्या हातात दिली. मी जोर लावून बघितला, हलेना. साल नावाच्या झाडाचं लाकूड, आपल्या सागापेक्षा जड आणि खरबरीत. सरांनी तेवढ्यात खाचेचं चित्र काढलं, माप माझ्याकडून घेतलं, वीतभर पट्टीवर किती खाचा ते मला मोजायला लावलं. बाहेर शिट्टी वाजून वाजून थकली.

काठमांडूत न्यू रोडवरच्या खरेदीबद्दल काय सांगायचं! चिनी छत्र्या, कॅल्क्युलेटर, जॅकेट. निम्म्या छत्र्या भुसावळ यायच्या आत मोडल्या.

घरी आल्यावर वडिलांना सरांनी काढलेल्या खाचेच्या चित्राचा कागद दाखवला. काठमांडूतला काष्ठमंडप नावाचा जुना लाकडी मंडप आणि दत्ताचं देऊळ, दोन्ही एकेका झाडाच्या लाकडात बांधली असं तिथं सांगतात, हेही सांगितलं. त्यावर ते हसले. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला. पटाशी आणि बारीक करवत घेऊन ते रोज रात्री दिव्याखाली बसायचे. सागात खाच लवकर मोकळी होते, म्हणून दोन जाळ्या वाया गेल्या. पुढे जमली. आजही कुणी बंगल्यासाठी जाळी मागितली की आम्ही तीच करतो आणि गिऱ्हाइकाला कडेची पट्टी काढून दाखवतो.

२५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात भूकंप झाला, ७.८ तीव्रतेचा. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. शनिवार हा तिथला सुट्टीचा वार, शाळा बंद होत्या, म्हणून बरीच मुलं तरी वाचली. काष्ठमंडप पूर्ण कोसळला. न्यातपोल उभं राहिलं, १९३४ च्या भूकंपातही ते उभंच होतं. नंतर काष्ठमंडपाचा पाया उकरला तेव्हा तो समजत होते त्याहून कितीतरी जुना, सातव्या शतकातला निघाला. आणि चार मुख्य खांबांपैकी एकाचं कुसू, म्हणजे टोकाची खुंटी, खालच्या दगडाच्या भोकात बसलेलंच नव्हतं, मागच्या कधीच्या दुरुस्तीत ते तसंच राहून वर फरशी झाली होती. हे वाचलं त्या दिवशी मी कारखान्यातल्या सगळ्या पोरांना काम थांबवून ऐकवलं. लोकांनी काष्ठमंडप पुन्हा लाकूड, विटा आणि मातीतच उभा केला आहे.

आता समितीला एक विनंती. सरांनी त्या सहलीत भरलेली चित्रांची वही निवृत्तीच्या वेळी शाळेला दिली होती. चित्रकलेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती अजून असेल तर महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडा. नदीपलीकडून काढलेलं पशुपतिनाथाचं चित्र माझ्या सोबत्याकडे सुरतेला आहे, ते घेऊन तो येणार आहे. चौकटी मी करून देतो, खिळा न मारता. फक्त मापं वेळेवर कळवा, आदल्या रात्री फोन करू नका.