आमची वाटचाल : डीटीपीच्या खोलीतून कवितासंकलनाकडे

2003 साली सांगलीत भाड्याच्या एका खोलीत आम्ही नवरा-बायकोनं डीटीपी सुरू केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची अक्षरजुळणी. पहिली काही वर्षं त्यातच गेली.

मग मराठीचे एक निवृत्त सर जुन्या अंकांतल्या कात्रणांची पेटी घेऊन आले. त्यांना स्त्रियांच्या कवितांचं संकलन करायचं होतं. कविता जाजमावर पसरून ते दिवसभर नुसत्या त्यांच्या जागा बदलत. दोन विलापिका (शोककविता) लागोपाठ आल्या की दुसरी वाचलीच जात नाही, म्हणून मध्ये जात्यावरची ओवी. परशुरामतात्या गोडबोल्यांनी 1854 मध्ये 'नवनीत' हे जुन्या मराठी कवितांच्या वेच्यांचं पुस्तक काढलं, जुने कवी कित्येकांना त्या एका पुस्तकातूनच भेटले. तिथं जे गाळलं, ते वाचकांच्या लेखी नव्हतंच, असं सर सांगायचे. त्यामुळे गाळलेल्या प्रत्येक कवितेपुढं ते कारण लिहून ठेवत. ती वही आम्ही अजून जपली आहे.

कविता छापण्याच्या हक्कांचं (कॉपीराइटचं) गणितही तिथंच शिकलो. हक्क राहतो कवीच्या निधनानंतर 60 वर्षं, मोजायची पुढच्या 1 जानेवारीपासून. निधनानंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं लेखन असेल, तर मुदत प्रकाशनापासून. बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं 1952 मध्ये, तेव्हा मोजणी 1953 पासून.

एक चूक मात्र मनातून जात नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना एका कवितेचं शेवटचं कडवं गळालं. पुस्तक छापून झाल्यावर कवयित्रीच्या मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, त्यानं जास्तच लागलं. बांधणी थांबवून सोळा पानांचा तो फर्मा आम्ही पदरमोड करून पुन्हा छापला. तेव्हापासून कविता पहिल्यांदा आली तो अंक आणि कवीनं स्वतः तपासलेली शेवटची आवृत्ती, दोन्ही समोर ठेवतो. ही मोठ्यानं वाचते, मी स्वल्पविरामासकट ताडून बघतो. मुद्रितशोधनाची इतकी खात्रीची रीत मला दुसरी माहीत नाही.

सध्या जात्यावरच्या ओव्या आणि नव्या कविता एकत्र आणणारं संकलन हाती आहे. वारसांना पत्रं गेलीत. काही पत्रं पत्ता बदलल्यानं परत आली, म्हणून गेल्या रविवारी आम्ही तासगावला जाऊन एका कवयित्रीच्या नातवाला शोधून काढलं. त्यानं आजीची हस्तलिखित वही दिली. छापील कवितेत नसलेल्या दोन ओळी तिच्यात आहेत.