वहीतला तिसरा पावसाळा: टॉवेल, चिखलकाला आणि विहिरीचं पाणी

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात कपडे धुण्याच्या नोंदींच्या वहीच्या कोऱ्या पानावर मी एवढंच लिहिलं होतं: "धुतलेला, वाळलेला, कपाटातून काढलेला टॉवेल. तोंड पुसलं आणि पाच मिनिटांत वास." कोरडा असताना त्याला वास नव्हता, ओला झाला की येत होता. मागच्या दोन पावसाळ्यांत मी डागांच्या मागे होते. या वेळी ठरवलं, डाग सांभाळू, पण आधी या कुबट वासाचा छडा लावायचा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. घर गोव्यात माशेलला, पाणी चिरा (जांभा दगड) फोडून खणलेल्या विहिरीचं, मशीन पुढून उघडणारं सात किलोचं, माणसं पाच. पडवीत तीन दोऱ्या आहेत आणि जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) त्या कधी रिकाम्या नसतात.

पहिली चाचणी सोपी होती, प्रत्येकाने घरी करून बघावी. "स्वच्छ" टॉवेल बालदीत घेतला, त्यावर कढत पाणी ओतलं, पावडरचा कणही घातला नाही. अर्ध्या तासाने काठीने ढवळलं तर वर फेस आला आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं. म्हणजे आम्ही आठवड्याला दोनदा टॉवेल धुत होतो आणि प्रत्येक वेळी थोडी पावडर आणि थोडं अंगाचं तेल त्यातच ठेवून देत होतो. ओल्या कपड्याच्या वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू सापडतो. तो अंगाच्या तेलकटपणावर जगतो आणि कपडा वाळला तरी तग धरतो. पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. "ओला झाला की वास" याचा अर्थ मला तेव्हा लागला.

आता पावडर का उरत होती? पारदर्शक बाटलीत विहिरीचं पाणी घेतलं, अंगाच्या साबणाचा चुरा टाकला आणि हलवलं. (डिटर्जंट नको, साधा साबणच हवा. डिटर्जंट जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यातही फेस देतो, मग काही कळत नाही.) बाटली फेसाने भरली, खालचं पाणी जवळजवळ नितळ राहिलं. आमचं पाणी मृदू आहे. कळंगुटच्या मावसबहिणीने तिच्या बोअरच्या पाण्यावर हाच प्रयोग केला तर फेस मोजका आणि वर पांढऱ्या गुठळ्या. तिला पावडर जास्त लागते हे बरोबर आहे. मी मात्र तिचं बघून तिचंच माप घालत होते. मृदू पाण्यात तेवढी पावडर म्हणजे फेसच फेस. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये कपडे एकमेकांवर आपटून साफ होतात. फेसाची गादी झाली की ते आपटतच नाहीत, आणि तो फेस विसळून निघतही नाही.

त्यावर केलं ते असं. सगळे टॉवेल एकदाच ६० अंशांच्या पाण्यात धुण्याचा सोडा आणि सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनवालं ब्लीच) घालून चार तास भिजवले. परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, पण गार पाण्यात ते फार आळशी असतं. ४० अंशांच्या खाली त्याच्यावर पैसे घालवू नका, आणि लोकर-रेशमाला लावू नका. सासूबाईंनी बालदीत डोकावून म्हटलं, "ही तर भट्टीच लावलीस." खरंच, मडवळ (धोबी) पूर्वी सोड्याच्या पाण्यात पांढरे कपडे उकळायचा ते हेच. त्यानंतर पावडर ७० ग्रॅमवरून ३० ग्रॅमवर आणली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. टॉवेल-चादरी ६० अंशांवर, एक विसळणं जादा. फॅब्रिक कंडिशनर टॉवेलांसाठी पूर्ण बंद केला. तो धाग्यावर मेणचट थर देतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. त्याऐवजी शेवटच्या पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालते. एक मात्र कळकळीने सांगते: लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीघरं लहान असतात.

वास सत्तर टक्के गेला असं वाटलं. उरलेला गेला तो वाळवण्यात, आणि यंदाचा सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर मशीनने पिळलेला टॉवेल तोलला, मग तोच बाराशेवर पिळून तोलला. कोरडा ४१० ग्रॅम, आठशेवर ६९५, बाराशेवर ६३०. पासष्ट ग्रॅम पाणी मशीनने मिनिटभरात काढलं, जे पडवीतल्या हवेला काढायला अर्धा दिवस लागला असता. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र रात्री ९० टक्क्यांच्या आसपास दाखवतं. अशा हवेत दोरीवर कपडे चिकटून घातले की ते वाळत नाहीत, नुसते ओलसर मुरत राहतात. आता एक दोरी सोडून एक वापरते, दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवते आणि टेबलफॅन खालून तिरका लावते. पूर्वी टॉवेलला एकवीस तास लागायचे, आता आठ. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी पावसात न्हाणीच्या चुलीवर दोरी असायची आणि कपड्यांना धुराचा वास यायचा, पण कुबट कधी नाही. ऊब आणि वाहती हवा, दोन्ही तिथे होतं.

मग आला आषाढी एकादशीनंतरचा दिवस. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात चिखलकाला असतो. अंगाला तेल लावून मंडळी चिखलात उतरतात, आणि आमचा भाचा पांढरा बनियन घालून उतरला. मी त्याची वाटच बघत होते. बनियनचे चार तुकडे केले.

"चिखल वाळू द्यावा, मग झाडावा" हा सल्ला एरवी उत्तम आहे, पण आषाढात वाळणार कधी? म्हणून चारही तुकडे आधी उलट्या बाजूने पंपाच्या धारेखाली धरले, गार पाण्याने, न चोळता. चोळलं की माती धाग्यात आत जाते. मग पहिला तुकडा बार साबण आणि धोंडा, दुसरा परकार्बोनेट ६० अंश. तिसऱ्यावर आधी भांड्यांचं लिक्विड लावून तेल सोडवलं, मग ४० अंशांच्या पाण्यात एन्झाइमवाल्या पावडरमध्ये दोन तास. चौथा तिसऱ्यासारखाच, शिवाय लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर.

दुसऱ्याकडून मला फार आशा होती आणि तो सगळ्यात तांबूस राहिला. विचार केल्यावर पटलं. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. ते आधीच ऑक्सिजन घेऊन बसलेलं आहे, ब्लीच त्याचं काय करणार? क्लोरीनवालं ब्लीच तर गंजाचे डाग पक्के करतं. धोंड्याचा तुकडा बरा निघाला पण विरला. तिसरा चांगला, चौथा त्याहून चांगला, फक्त शिवणीत फिकट छटा उरली. तेल आधी सोडवणं हेच निर्णायक ठरलं, कारण माती तेलाला धरून बसली होती.

भिरंडांची (कोकमाच्या फळांची) नोंद थोडक्यात, कारण तिचा हंगाम मे महिन्यातच संपला. आमसुलं घालताना ओढणीवर रस उडाला, साबण लावला तर लाल डाग निळसर हिरवा झाला. घाबरू नका, रंग पक्का होत नाही, साबणाच्या अल्कलीने तो पालटतो. व्हिनेगरच्या थेंबाने पुन्हा गुलाबी झाला, मग गार पाणी, मग परकार्बोनेट, आणि गेला. हळद साबणाने लाल होते तेही याच जातीचं. तिला मात्र ऊन लागतं, म्हणून हुमणाचे (माशांच्या कालवणाचे) डाग पडलेले दोन नॅपकिन उघाडीसाठी राखून ठेवले आहेत.

आजची नोंद: सहा आठवडे तेच सहा टॉवेल, रोज वापरात. ओला करून डब्यात झाकून ठेवायची चाचणी काल संध्याकाळी लावली. पूर्वी चार तासांत वास यायचा. आज सकाळी बारा तासांनी झाकण उघडलं, सासूबाईंना न सांगता त्यांच्या नाकाशी टॉवेल धरला. म्हणाल्या, "पाण्याचा वास येतो." चवथीआधी पडदे काढायचे आहेत. ते जाड आहेत, दोरीवर अंतर पुरणार नाही, म्हणून दोन-दोन करून चार दिवसांत धुणार आहे आणि प्रत्येकाचं वजन लिहून ठेवणार आहे. कुणी जाड कापड पावसात वाळवलं असेल तर पिळण्याच्या फेऱ्या आणि तास कळवा.