तुम्ही विचारलंत म्हणून: हार्पवर आपलं काही वाजतं का?

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम संपला की फराळाच्या रांगेत एखादी मावशी मला गाठतेच. हार्पच्या, म्हणजे उभ्या तारांच्या त्या पाश्चात्त्य वाद्याच्या, खांबावरून हात फिरवत म्हणते, "छान वाजवलंस गं. पण ह्याच्यावर आपलं काही वाजतं का?"

शिकागोत मी वीस वर्षं हार्पवर पोट भरते आहे. चर्चमधली लग्नं, हॉटेलातला दुपारचा चहा, ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं की बदली. तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही, आपलीच माणसं विचारतात. हातात चिवड्याची डिश धरून त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

'आपलं' म्हणाल तर समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा जी वीणा घेऊन बसलाय, ती आजची वीणा नव्हेच. तो धनुष्यासारखा हार्प आहे. ब्रह्मदेशात त्याचा भाऊबंद अजून वाजतो. आपल्याकडून मात्र तो जवळजवळ गेलाच.

माझ्या हार्पला तारा ४७. पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या उभ्या केल्यात असं समजा. 'सी' सुराच्या तारा लाल, 'एफ'च्या काळ्या, नाहीतर त्या जंगलात बोटं हरवतात. काळ्या पट्ट्यांचं काम पाय करतात. खाली ७ पेडल, प्रत्येकाला ३ खाचा: वर कोमल, मध्ये शुद्ध, खाली तीव्र. एक पेडल हललं की त्या सुराच्या जवळजवळ सगळ्या सप्तकांतल्या तारा बदलतात. ही करामत एरार नावाच्या कारागिराची, पेटंट १८१० सालचं.

"म्हणजे थाट पायाने लावायचा!" पेटी वाजवणारे एक काका म्हणाले. थाट म्हणजे रागाचे सात सूर. अगदी तसंच. सा 'सी'वर धरला तर 'डी' (रे) आणि 'ए' (ध) वरच्या खाचेत टाकायचे, बाकी सगळे मध्ये, की झाला भैरव राग. पण ह्या वाद्यात सा आणि पसुद्धा कोमल होतात म्हटल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ललित रागाने मात्र माझा बरीच वर्षं छळ केला. त्यात दोन्ही मध्यम, शुद्ध (म) आणि तीव्र (म॑), तेही पाठोपाठ. 'एफ'ची, म्हणजे मध्यमाची, तार एका वेळी एकच मध्यम देणार. मग ग म वाजवून पाय दाबायचा, म॑ वाजवायचा, पाय सोडायचा. वाजत्या तारेवर पेडल हललं की ती माशीसारखी गुणगुणते. एका रात्री रियाझ करताना लक्षात आलं, ललितला पंचम नको. म्हणजे 'जी'च्या, पंचमाच्या, तारा बिनकामाच्या उभ्या आहेत! त्या अर्ध्या सुराने उतरवल्या की झाला तीव्र मध्यम. तारांची नावं सात, ललितचे सूर सात. त्या रात्री शेजाऱ्यांनी भिंत ठोकेपर्यंत वाजवत होते.

माझी पहिली स्वतःची रचना तिथूनच निघाली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सोडून द्यावी लागली. तार ओढता येत नाही, आणि पेडलने सूर घसरवला तर दात दुखल्यासारखं वाटतं. शिवाय हार्पची तार आपणहून गप्प बसत नाही, दोन्ही मध्यम एकमेकांत मिसळून घुमत राहतात. म्हणून मी रचना लिहिताना तळहात टेकवून तारा दाबायच्या जागासुद्धा लिहिते. तो 'थप्प' मला आता आवडतो, तालातच धरते.

धैवताचं दुखणं वेगळं. ललितचा धैवत मला किंचित चढा लागतो, तो पेडलवर मिळत नाही. म्हणून 'ए'च्या सहाही तारा किल्लीने केसभर चढवते, आणि कार्यक्रम झाला की आठवणीने उतरवते. एकदाच विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये लग्न होतं. नवरी दारातून निघून वेदीपाशी पोचेपर्यंत ऑर्गनवाल्याने तीनदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.