गादी मऊ, हिरवळ टणक : आमची वाटचाल

आमच्या घरात गोल्फ कोणीच खेळत नव्हते. वडिलांचा शाहूपुरीत गादी कारखाना होता. कापूस पिंजून गाद्या भरणे हे मूळ काम, आणि पुढे कोल्हापूरच्या तालमी मातीबरोबर मॅटवरच्या सरावाकडे वळू लागल्या तेव्हा फोमच्या गाद्या शिवून देण्याचे काम त्याला जोडले गेले. 1912 साली खासबाग मैदान उभे करणाऱ्या या शहरात पैलवानाच्या पायाखाली काय असावे, याविषयी प्रत्येक वस्तादाचे ठाम मत असते. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली आखाड्याची लाल माती पडणाऱ्याला सांभाळते आणि उभ्या राहणाऱ्याला पाय रोवू देते. फोम निवडताना वडील नेहमी तिचेच उदाहरण देत. दाबल्यावर गादी किती बसते आणि किती लवकर उठते, हे दोनच प्रश्न ते विचारत, आणि आज आम्ही गोल्फ सिम्युलेटरची, म्हणजे खोलीतच पडद्याकडे फटका मारून गोल्फ खेळण्याच्या सोयीची, जमीन तयार करताना तेच दोन प्रश्न वेगळ्या कारणासाठी विचारतो.

व्यवसाय माझ्याकडे आल्यावर आम्ही कृत्रिम हिरवळ अंथरण्याची कामे घेऊ लागलो. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात त्या कामांना तोटा नव्हता. 2020 च्या टाळेबंदीनंतर येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर नियमित खेळणाऱ्या एका उद्योजकांनी आपल्या बंगल्याच्या तळमजल्यावर सिम्युलेटर बसवायचे ठरवले. जाड कापडाचा पडदा, प्रोजेक्टर आणि चेंडूचा वेग व फिरकी मोजणारे कॅमेऱ्याचे यंत्र हे सगळे आधीच येऊन पडले होते. फक्त जमीन उरली होती, आणि ती आम्हाला सोपी वाटली.

त्या पहिल्या कामात आम्ही केलेली चूक मी आजही प्रत्येक नव्या कारागिराला सांगतो. फटका मारायची तयार मॅट सुमारे 40 मिलिमीटर जाडीची होती. ती आम्ही कोब्यावर ठेवली, भोवती 13 मिलिमीटरचा टर्फ, म्हणजे कृत्रिम हिरवळ, अंथरला आणि काम दिसायला सुबक झाले. परंतु मॅट लहान असल्यामुळे खेळणारा टर्फवर उभा राहत होता आणि चेंडू मॅटवर, म्हणजे पायांपेक्षा 27 मिलिमीटर उंच. गोल्फमध्ये चेंडू पायांपेक्षा उंचावर असला की काठीचे पाते टाचेकडे झुकते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे जातो. त्या गृहस्थांनी पंधरा दिवस आपल्याच हातांना दोष दिला. यंत्रही टर्फवर ठेवलेले होते. अशी यंत्रे चेंडू ज्या पातळीवर आहे त्याच पातळीवर ठेवायची असतात, हे आम्हाला माहीत नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

पातळीपेक्षा गंभीर गोष्ट त्यांनी महिनाभराने सांगितली : त्यांचे कोपर दुखू लागले होते. खऱ्या मैदानावर काठी चेंडूच्या मागे जमिनीत लागली तर गवताचा आणि मातीचा तुकडा उडतो आणि काठीचा जोर त्या मातीत जिरतो. कोब्यावर ठेवलेल्या टणक मॅटमध्ये जिरायला जागाच नसते. धक्का दांडीतून मनगटात आणि कोपरात येतो, आणि तासाभराच्या सरावात तो शेकडो वेळा येऊ शकतो. टणक मॅटचा दुसरा दोष अधिक फसवा आहे. काठी चेंडूच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे टेकली तरी ती रुतत नाही, घसरून पुढे जाते आणि चेंडूला बऱ्यापैकी लागते. पडद्यावर आकडे चांगले दिसतात आणि मैदानावर तोच फटका वीस पावलांत संपतो. माणूस चूक पक्की करण्यासाठी पैसे खर्च करतो, ही गोष्ट मला फार लागली, आणि तेव्हापासून फटक्याची पट्टी, म्हणजे ज्यावर चेंडू ठेवून फटका मारायचा तो तुकडा, हा आमच्या कामातला सर्वांत अधिक वेळ खाणारा भाग झाला.

आम्ही निरनिराळे धागे आणि थर वापरून पाहिले. पॉलिइथिलीनचा धागा मऊ असतो, पण तो साधारण 120 ते 130 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि काठीच्या घर्षणाने त्याचा हिरवा रंग पात्याच्या तळाला चिकटतो. नायलॉन 6 साधारण 220 अंशांपर्यंत टिकते आणि त्याचा धागा वाकून पुन्हा उभा राहतो, म्हणून पट्टीसाठी आम्ही नायलॉनच वापरतो, तेही इतके दाट आणि लांब की चेंडू ठेवायची लाकडी खुंटी, म्हणजे टी, थेट त्यात खोचता यावी. त्याखाली मऊ आणि सावकाश उठणारा फोम, आणि त्याखाली कडक थर, अशी रचना ठरली. पट्टी प्लायवूडच्या चौकटीत केलेल्या खाचेत सुटी बसते, कारण घाव एकाच जागी पडत असल्याने ती झिजणारच. ती उलटसुलट फिरवता यावी आणि शेवटी भोवतालच्या हिरवळीला हात न लावता बदलता यावी.

पहिले काम दुरुस्त करताना आम्ही दुसरी चूक केली. सगळी जमीन पट्टीच्या पातळीला आणायची म्हणून टर्फखाली सर्वत्र तोच मऊ फोम घातला. पातळी जुळली, उभे राहायला सुख वाटले, पण पटिंग बिघडले. पटिंगमध्ये, म्हणजे भोकाकडे जाणाऱ्या शेवटच्या फटक्यांत, चेंडू हळूच ढकललेला असतो; तो सुरुवातीला थोडा घसरतो आणि मग लोळू लागतो. माणसाच्या टाचेने फोमवर पडलेला सूक्ष्म खळगाही त्याची दिशा वळवतो, आणि मऊ पायावर त्याची गती लवकर मरते. 46 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची ती वस्तू जमिनीचा प्रत्येक खोटेपणा दाखवते. फटक्याला दबणारी जमीन हवी, पटिंगला न दबणारी, आणि दोन्हींचा पृष्ठभाग एकाच रेषेत, हे त्या दिवशी समजले.

आज आम्ही वापरतो तो हिशेब असा आहे. पट्टीची एकूण उंची 40 मिलिमीटर. पाय ठेवायच्या जागी 18 मिलिमीटरचा पाणीरोधक प्लायवूड, त्यावर 10 मिलिमीटरचा घट्ट फोम, जो माणसाच्या वजनाने किंचित दबतो, आणि त्यावर 13 मिलिमीटरचा टर्फ. पटिंगच्या मार्गात मात्र फोम नाहीच. 18 आणि 9 मिलिमीटरचे दोन प्लायवूड सांधे एकमेकांवर न येऊ देता बसवायचे आणि थेट टर्फ. पट, म्हणजे पटिंगचा फटका, टाकण्याची जागा पट्टीला लागून, पण पट्टीवर नव्हे, आणि यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावी लागते, कारण पट्टीच्या लांब धाग्यांतून निघालेला चेंडू पहिल्याच वितीत उडी घेतो.

या सगळ्याच्या आधी कोबा तपासावा लागतो. आपल्याकडे गवंडी पार्किंगला आणि तळमजल्याला पाणी निघून जाण्यासाठी ढाळ देतो, आणि तो योग्यच असतो; पण तीन मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ असला तरी सरळ पट वाकडा जातो. आमचे मिस्त्री अजूनही पाण्याच्या लेव्हल ट्यूबनेच चारही कोपरे मोजतात, आणि उतार अधिक असेल तर सपाटीकरणाचा थर ओतल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही. ओलाव्याचा धडा आम्हाला ऑगस्ट 2019 च्या महापुरानेच दिला होता. गोदामात पाणी शिरले तेव्हा टर्फच्या गुंडाळ्या धुऊन वाळवता आल्या, परंतु उघड्या छिद्रांचा फोम स्पंजासारखा पाणी पिऊन कुजला, आणि बंद छिद्रांचा फोम पुसून वापरता आला. जुलैत कोल्हापूरचा तळमजला पुराशिवायही ओल धरतो. म्हणून प्लायवूडखाली प्लास्टिकचा जाड कागद आणि वर बंद छिद्रांचाच फोम, यात आम्ही सवलत देत नाही, ग्राहकाने खर्च कमी करायला सांगितले तरीही.

हिरवळीचा वेग मोजण्यासाठी एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 मध्ये स्टिम्पमीटर हे साधे साधन तयार केले : खाच असलेली पट्टी, जी उचलत गेले की ठरावीक कोनावर चेंडू सुटतो, आणि तो जितके फूट लोळेल तितका वेग. तसाच कोन धरणारी ॲल्युमिनियमची पन्हळ आम्ही उद्यमनगरात करून घेतली. एकदा पडद्याकडे आणि एकदा उलट दिशेने चेंडू सोडून सरासरी काढतो. टर्फची लव ज्या बाजूला झुकलेली असते त्या दिशेला चेंडू अधिक धावतो, म्हणून गुंडाळी उलगडतानाच लव पडद्याकडे झुकेल अशी ठेवतो आणि दिवसभर ती तशीच पसरून राहू देतो; घाईने चिकटवलेला टर्फ पुढे सुरकुततो आणि सांधा उघडतो.

पटिंगसाठी जमिनीत खरे भोक हवे, असा आग्रह अनेकजण धरतात. नियमाप्रमाणे भोकाचा व्यास 108 मिलिमीटर आणि खोली किमान 101.6 मिलिमीटर असते. तेवढ्या खोलीसाठी सगळी जमीन दहा सेंटिमीटरहून अधिक उचलावी लागते, आणि दहा फुटी छताच्या खोलीत सव्वा मीटरहून थोडी आखूड असलेली ड्रायव्हर ही लांब काठी फिरवणाऱ्या उंच माणसाला ते परवडत नाही. उथळ भोकातून वेगाचा चेंडू उसळून बाहेर येतो. मी स्पष्टपणे नको म्हणतो.

सध्या राजारामपुरीतील एका घरी वडील उजव्या हाताने आणि मुलगी डाव्या हाताने खेळते. त्यांच्यासाठी पट्टी खोलीच्या मधोमध घेऊन दोन्ही बाजूंना उभे राहण्याची जागा आणि छतावर बसणारे यंत्र, अशी मांडणी केली आहे. प्लायवूड बसला असून सपाटीकरणाच्या थरातली ओल पूर्ण गेल्याची खात्री केल्यावरच तो बसवला, त्यामुळे काम दोन आठवडे लांबले. टर्फ काल उलगडून पसरला आहे आणि उद्या सकाळी पन्हळ लावून पहिला वेग मोजायचा आहे.