वकील सायबानं सांगतलं होतं

वर्धा जिल्ह्यातल्या एका अडत्याला 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 271बी ची नोटीस आली: टॅक्स ऑडिट, म्हणजे सीएकडून हिशेबांची तपासणी, केलं नाही, दंड का लावू नये? भाऊ कागदांची पिशवी घेऊन आले. "मले वकील सायबानं सांगतलं होतं, ऑडिट लागत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

हा बचाव कायद्यात बसतो. वाजवी कारण सिद्ध केलं तर कलम 273बी हा दंड माफ करतं, आणि जाणकाराच्या सल्ल्यावर प्रामाणिकपणे विसंबणं हे तसं कारण ठरू शकतं. पण सल्ला देणाऱ्याला सगळं सांगितलं होतं का? बहुतेक प्रकरणं इथंच बुडतात.

सल्ला अर्धा बरोबर होता. आयकर खात्याच्या 1986 च्या परिपत्रक क्रमांक 452 प्रमाणे कच्च्या अडत्याची, म्हणजे दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्याची, उलाढाल म्हणजे फक्त त्याची अडत (कमिशन). शेतकऱ्याच्या मालाची किंमत त्यात धरत नाहीत. पण भाऊंनी त्या हंगामात स्वतःच्या नावानं सोयाबीन घेऊन गोदामात भरलं आणि भाव चढल्यावर विकलं, 1 कोटी 40 लाखांचं. मालक तेच, म्हणून पूर्ण विक्री उलाढालीत, आणि तेवढ्या उलाढालीला ऑडिट लागतं. शेतकऱ्यांचे चुकारे रोखीचे, त्यामुळे रोखीचे व्यवहार नगण्य असणाऱ्यांना मिळणारी 10 कोटींची मर्यादा नाही. अडतीचं उत्पन्न, त्यामुळे छोट्या धंद्यांना अंदाजी नफ्यावर कर भरू देणारं कलम 44एडी सुद्धा नाही. दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, म्हणजे नुसत्या या विक्रीवर 70 हजार.

"गोदामातल्या मालाचं वकिलांना सांगितलं होतं?" मी विचारलं.

"फोटो धाडले होते ना."

त्यांचा मोबाइल मी रात्री उशिरापर्यंत चाळला. खरेदीपट्ट्यांचे फोटो, गोदामाची पावती, खाली प्रश्न: "हा माल माह्या नावानं हाये, ऑडिट लागीन का?" उत्तर: "नाही. अडतच आहे." तारीख विवरणपत्र भरण्याच्या आधीची.

त्या वकिलांकडे प्रतिज्ञापत्र मागितलं. "मी असं बोललोच नाही," म्हणाले. मेसेज दाखवला, तर विषय बदलला. फी घेऊन सल्ला द्यायचा आणि अशिलावर बालंट आलं की हात झटकायचे, याची मला मनस्वी चीड आहे. ऑडिट अहवालात चूक केली तर सीएला कलम 271जे खाली 10 हजारांचा दंड आहे. असल्या सल्ल्याला काहीच नाही.

मेसेजच्या प्रती जोडल्या. विक्री विवरणपत्रात पूर्ण दाखवलेली होती, तेही मांडलं. दंड रद्द झाला.

आता त्याच बाजारातल्या दुसऱ्या अडत्याची तशीच नोटीस टेबलावर आहे. वकील तेच, सल्ला तोच, पण सगळं समक्ष बोलून झालेलं. हे अडते खरं बोलताहेत याबद्दल मला शंका नाही. भाऊंचा दंड रद्द केल्याचा आदेश आणि ते मेसेज भाऊंच्या संमतीनं इथं जोडावेत का, हे अजून ठरत नाही. उत्तराची मुदत शुक्रवारी संपते.