दिव्यातलं लोखंड पण बघा ना!

स्ट्रासबुर्गला राहायला आल्यापासून नान्सीला जायचं घोकत होते, ट्रेनने दीडेक तासच लागतो, शेवटी गेल्या महिन्यात जमलं. जुन्या फ्रेंच दिव्यांचं वेड असेल तर या गावाला जायलाच पाहिजे, कारण डोम बंधूंची काच इथलीच. त्यांचे वडील जर्मन सीमेजवळच्या बिच गावचे नोटरी, १८७०च्या युद्धात गाव जर्मनीकडे गेलं तेव्हा सगळं विकून इकडे आले आणि १८७८ मध्ये काचेचा कारखाना त्यांच्या गळ्यात पडला. पुढे ऑग्युस्त आणि आंतोनँ या मुलांनी त्याचं सोनं केलं.

म्युझियम प्लास स्तानिस्लासवरच आहे आणि डोमची काच तळघरात मांडलीय. पण आत जायच्या आधी मी त्या चौकातच अर्धा तास काढला. चौकाच्या कोपऱ्यांवर झाँ लामूरने अठराव्या शतकात घडवलेली लोखंडी जाळीदार दारं आहेत, सोन्याचा मुलामा दिलेली, आणि ती बघितल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला की या गावात काचेच्या कितीतरी आधीपासून लोखंडाला मान होता. लोक दिव्याची काच उलटीपालटी करून सही शोधतात, डोम असेल तर सहीत लोरेन या इथल्या प्रांताचा दोन आडव्या दांड्यांचा क्रूसही दिसतो, पण खालच्या स्टँडकडे कुणी बघतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९२०च्या दशकात डोम आणि नान्सीचेच फर्निचर नि लोखंडकाम करणारे लुई माजोरेल यांनी मिळून केलेल्या वस्तू बघा. आधी घडीव लोखंडाचा पिंजरा करायचा, मग फुंकणीवरची तापलेली काच त्या पिंजऱ्यातच फुगवायची, काच गजांच्या मधून फुगून बाहेर येते आणि तशीच थिजते. गार पण हळूहळूच करावी लागते, घाई केली की तडकलीच. म्हणजे इथे लोखंड नुसता आधार नाही, काचेला आकारच त्याने दिलाय!

काचेचे रंगही नुसते वरून लावलेले नसतात. गरम गोळा रंगीत काचेच्या भुकटीवर लोळवायचा, वर अजून एक थर, नक्षी हवी तर वरचा थर ॲसिडने खाऊन काढायचा. असा दिवा बंद असताना मळकट वाटतो, लावला की आतून पेटतो. म्हणून घ्यायचा असेल तर दोन्ही वेळा बघा.

आणि फसू नका. एका बाजारात गॅलेची, म्हणजे नान्सीच्याच दुसऱ्या नावाजलेल्या काच कलाकाराची, सही असलेला दिवा मला दाखवला, सहीशेजारी घासल्याची खूण होती. रुमानियात बनणाऱ्या नकलांवर 'टिप गॅले' लिहिलेलं असतं, टिप म्हणजे त्या पद्धतीचा, आणि ते टिप घासून काढतात लोक. लोखंडाचंही तसंच, घडीव असेल तर हातोड्याचे ठोके दिसतात, प्रत्येक पान थोडं वेगळं असतं, ओतीव असेल तर साच्याची रेघ सापडते.

मी शेवटी काय घेतलं, तर नुसता पाय! शेड धरायच्या तीन आकड्यांचा, घडीव पानांचा, शेड कधीच फुटलेली. वायर जुनी कापडी होती ती आधी बदलून घेतली. आता आकड्यांमधलं अंतर दोऱ्याने मोजून तो दोरा पर्समध्येच ठेवलाय, दर रविवारी बाजारात काचा मोजत फिरते.