‘पेन’ की ‘बेन’? आयोवात वाचा-श्रवणशास्त्र शिकताना

स्पीच थेरपी शिकायला अमेरिकेत आले आहे असे सांगितले की गावाकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोतरे बोलणारे मूल आणि त्याला शब्द घोकायला लावणाऱ्या बाई उभ्या राहतात. तोतरेपणा हा आमच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आहेच, परंतु आयोवा विद्यापीठातील माझ्या शिक्षणाचा सर्वांत मोठा वाटा आतापर्यंत ऐकण्याने व्यापला आहे. समोरच्याच्या तोंडून नेमका कोणता ध्वनी आला आणि आपल्या कानाने तो कोणता मानून घेतला, या दोन गोष्टी वेगळ्या करायला येथे शिकवतात. मूल सदोष बोलते की केवळ वेगळे बोलते, याचा निर्णय या एका कौशल्यावर अवलंबून असल्यामुळे मला ते सगळ्यात मोलाचे वाटते.

ध्वनिशास्त्राच्या तासाला आम्ही आपापल्या आवाजातले शब्द ध्वनिमुद्रित करतो आणि ‘प्राट’ या ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेल्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे चित्र उघडतो. मी ‘पान’ म्हटले की ओठ उघडल्याची एक बारीक उभी रेघ दिसते आणि तिच्या अगदी लगत स्वरतंतूंच्या कंपनाच्या रेघा सुरू होतात. शेजारच्या अमेरिकन मैत्रिणीने ‘पेन’ म्हटले की या दोहोंच्या मध्ये एक करडा, धूसर पट्टा येतो. तो हवेच्या झोताचा. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या प, ट, क या ध्वनींत हे अंतर साधारण 60 ते 80 मिलिसेकंद असते, तर मराठीच्या अल्पप्राण प, त, क यांत ते जेमतेम शून्य ते 25 मिलिसेकंद भरते. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन संशोधकांनी 1964 साली अकरा भाषांमध्ये हे अंतर मोजले, आणि तो निबंध वाचायला घेतला तेव्हा त्या अकरांत मराठीचे नाव पाहून मला मनापासून आनंद झाला. हिंदी आणि मराठी या दोनच भाषा त्यांत अशा होत्या, ज्यांत प, फ, ब, भ असे चार पदर आहेत, आणि ब व भ यांतला फरक या एका मोजमापाने उलगडत नाही, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. पाचवीला पुजलेली आपली बाराखडी ध्वनिशास्त्राच्या एका पायाभूत सिद्धान्ताला अशी अडवून उभी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आता याचा मुलांशी संबंध पाहा. मराठी घरात वाढलेले मूल शाळेत ‘पेन’ म्हणते तेव्हा झोताची सवय असलेल्या अमेरिकन कानाला ते पुष्कळदा ‘बेन’ ऐकू येते. त्याचा ‘व’ ना इंग्रजीच्या ‘v’ मध्ये बसतो ना ‘w’ मध्ये, आणि जीभ दातांना लावून घासत काढायचे ‘th’ चे दोन ध्वनी ते ‘थ’ व ‘द’ यांनी भागवते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी बांधलेल्या चाचणीच्या कागदावर यांतल्या प्रत्येकापुढे चुकीची खूण पडते, आणि पाच-सहा खुणा जमल्या की मुलाच्या नावापुढे ‘उच्चारदोष’ हा शब्द लिहायला वेळ लागत नाही. वास्तविक ते मूल आपल्या घरच्या भाषेचे नियम काटेकोरपणे पाळत असते.

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलेला आहे. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले गेले होते. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘डायाना’ खटल्यात 1970 साली तडजोड झाली आणि मुलांची तपासणी त्यांच्या घरच्या भाषेत करावी हे मान्य करण्यात आले. 1975 च्या केंद्रीय कायद्याने भेदभाव न करणाऱ्या तपासणीची हीच अट देशभर लागू केली.

शिक्का मारण्याचे परिणाम काय होतात हे आयोवाइतके दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाने क्वचितच जवळून पाहिले असेल. आमच्या केंद्राला ज्यांचे नाव आहे ते वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत आणि त्याचे कारण शोधण्यासाठीच ते या विषयात शिरले. मोठी माणसे मुलाच्या साध्या अडखळण्याला दोष म्हणू लागली की त्यातूनच तोतरेपणा जन्मतो, असे त्यांचे मत होते. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील 22 मुलांवर प्रयोग केला, ज्यात सुरळीत बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही तोतरे आहात’ असे बजावण्यात आले. त्या मुलांना खरोखरचा तोतरेपणा जडला असे त्या नोंदींच्या नंतरच्या फेरतपासणीत दिसले नाही. परंतु काही मुले बोलायलाच बुजू लागली, गप्प राहू लागली. 2001 मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रातून उजेडात आले, विद्यापीठाने जाहीर माफी मागितली आणि 2007 मध्ये राज्याने भरपाई देण्याचे मान्य केले. आज हा प्रयोग आम्हाला नीतिशास्त्राचा धडा म्हणून शिकवला जातो, आणि ज्या संस्थेत तो घडला तिथेच त्यावर मोकळेपणाने चर्चा होते याचा मला आदर वाटतो.

इकडे यायचा विचार करणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. भारतात बी.ए.एस.एल.पी. या इंटर्नशिपसह चार वर्षांच्या पदवीत वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात; मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत मात्र वाटा फुटतात. स्पीच थेरपिस्टला पदव्युत्तर पदवी, 400 तासांचा पर्यवेक्षित प्रत्यक्षानुभव आणि त्यानंतर 1,260 तासांची उमेदवारी लागते, तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, सर्वसाधारणपणे चार वर्षांची स्वतंत्र डॉक्टरेट करावी लागते.

त्या 400 तासांतले पहिले 25 तास केवळ निरीक्षणाचे असतात. अशाच एका सत्रात मराठी घरातला साडेचार वर्षांचा एक मुलगा आला होता, आणि ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला त्याच्या आईला कोणीतरी आधीच दिलेला होता. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आधी त्याची श्रवणतपासणी करून घेतली, कारण बोलण्याविषयी कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी ऐकू येते की नाही हे पाहावेच लागते. मग त्यांनी मला त्याच्याशी मराठीत बोलायला बसवले. चित्र पाहून तो म्हणाला, ‘‘कुत्रा भुंकला, मांजर पळालं आणि ती मुलगी पडली.’’ तीन लिंगे आणि तिन्हींची क्रियापदे एका दमात बिनचूक! भाषेच्या वाढीचा खरा विकार असता तर तो घरच्या भाषेतही दिसला असता, हे तत्त्व पुस्तकात वाचले होते. त्या वाक्यात ते माझ्यासमोर उभे राहिले. अहवालात त्याला दोष लावला गेला नाही आणि घरी मराठी चालू ठेवावी असे स्पष्ट लिहिले गेले.

दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते या समजाला संशोधनाचा आधार नाही, आणि ज्याला खरोखर भाषाविकार आहे ते मूलही दोन भाषा शिकू शकते. परदेशात राहणाऱ्या आईवडिलांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला तपासणीला नेण्याआधी, तो आजीशी फोनवर किंवा भावंडांशी खेळताना मराठीत बोलत असेल तेव्हाचे दहा मिनिटांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यातली चार-पाच वाक्ये अर्थासह लिहून घ्या, आणि इंग्रजी चाचणी सुरू होण्यापूर्वी ते थेरपिस्टच्या हाती द्या. मराठी दुभाषा मागण्याचाही संकोच करू नका.